जुलैची साक्ष

म्हैसूरला निवृत्त होऊन आलेल्या मराठी गृहस्थाचं पहिलं वर्ष घर लावण्यात जातं, दुसरं वर्ष रिक्षावाल्याशी कानडीत घासाघीस करण्याइतकी भाषा शिकण्यात जातं, आणि तिसऱ्या वर्षी त्याला समुद्र हवा होतो. या गावाला पेन्शनरांचा स्वर्ग म्हणतात. स्वर्गात पोचल्यावर माणसाने आणखी कुठे जाण्याचे बेत करू नयेत, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. पण मराठी माणसाला तिथेही ‘इथून पुढे कुठे?’ हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. १९५० साली चेलुवांबा महालात अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था उघडली, १९६९मध्ये भारतीय भाषा संस्थान आलं, पुढे नोटांचा छापखाना आला, इन्फोसिसचं प्रशिक्षण केंद्र आलं, आणि अशा संस्थांच्या आगेमागे थोडीथोडी मराठी मंडळीही येत राहिली. संध्याकाळी कुक्करहळ्ळी तळ्याला फेरी मारताना रक्तदाब, ठेवींवरचं व्याज आणि मुलांची अमेरिका एवढे तीन विषय त्यांना अकरा महिने पुरतात. जानेवारीत मात्र चौथा विषय निघतो. नाताळच्या सुट्टीत कुणी कारवारला जाऊन आलेलं असतं, कुणी मालपेला, कुणी थेट मालवणला. आणि ‘इथलं विकून तिकडेच एखादं टुमदार घर घ्यावं’ हा ठराव तळ्याची अर्धी फेरी व्हायच्या आत मंजूर होतो. समुद्राशी माझं काही वाकडं नाही. तक्रार आहे ती ठरावाच्या तारखेबद्दल. समुद्रकाठी राहायला जावं की नाही, या खटल्यात आजवर फक्त डिसेंबरची साक्ष घेतली गेली आहे. जुलैला कुणी समन्सही पाठवलेलं नाही.

समुद्राची ही हौस म्हैसूरला तशी जुनीच आहे. हैदर अलीने १७६३ साली बिदनूर घेतलं आणि त्याबरोबर मंगळूरचा किनारा त्याच्या हाती आला. इंग्रजांशी १७८४चा तह झाला तोही मंगळुरातच. १७९९ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा राज्य मूळच्या वडियार राजघराण्याला परत मिळालं, पण किनारा कंपनीने स्वतःकडे ठेवून घेतला. नफ्याची बाजू कुठली हे कंपनीला सांगावं लागत नसे. त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ म्हैसूर हे समुद्र नसलेलं संस्थान होतं. विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात दिवाण असताना म्हैसूरसाठी भटकळला बंदर करावं, असा त्यांचा खटाटोप चालला होता. पण भटकळ मुंबई इलाख्यात, म्हणजे दुसऱ्याच्या परसात. शेवटी १ नोव्हेंबर १९५६ला मद्रासकडून मंगळूर आणि मुंबईकडून कारवार असं सगळं एकदम म्हैसूर राज्यात आलं. आता गंमत अशी की राजधानी हलवण्याच्या बाबतीत या राज्याचा हात पहिल्यापासून मोकळा होता. १६१०मध्ये ती श्रीरंगपट्टणला गेली, १७९९मध्ये म्हैसूरला परत आली, १८३१मध्ये इंग्रज कमिशनरांनी कारभार बंगळूरला नेला. मग दीड शतकाची तहान भागवणारा एवढा लांब किनारा हाती आल्यावर निदान एखादं खातं तरी वाळूत नेऊन बसवावं की नाही? १९५६ सालीच विधानसौध बांधून पुरं झालं, आणि ते उभं राहिलं समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या बंगळुरात. राज्याला समुद्र बंदरासाठी हवा होता. तिथे मुक्कामाला जाण्याचा विचार हैदरापासून विश्वेश्वरय्यांपर्यंत एकाही शहाण्या माणसाने केलेला दिसत नाही.

आपले गृहस्थ तो करतात, याचं कारण म्हैसूरचे गुण डोळ्यांना दिसणारे नाहीत. समुद्राचे गुण नाव घेऊन सांगता येतात: लाटा, वाळू, सूर्यास्त, सुरमई. म्हैसूरचे गुण बहुतेक ‘न होण्या’चे आहेत. इथे घामोळं येत नाही, पापड सादळत नाहीत, चादर अंगाला चिकटत नाही, कपाटातला कोट हिरवा होत नाही. न आलेल्या घामोळ्याचा फोटो काढून बहिणीला पाठवता येत नाही. साडेसातशे मीटरची उंची आणि वर्षाला सुमारे आठशे मिलिमीटर पाऊस, एवढ्या दोन गोष्टींनी या गावाचे सगळे लाड पुरवले आहेत, पण त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसावं असं काही नाही. माणूस मिळालेल्या सुखाची नोंद ठेवतो. टळलेल्या त्रासाचं पान त्याच्या वहीत कोरं असतं. त्यामुळे दोन्ही गावांचा ताळेबंद मांडताना समुद्राच्या बाजूला डझनभर बाबी जमा होतात आणि म्हैसूरच्या बाजूला चामुंडीची टेकडी, राजवाडा आणि म्हैसूरपाक एवढंच उरतं. त्यातला म्हैसूरपाक डॉक्टरांनी बंद केलेला असतो.

आता जुलैला पिंजऱ्यात उभं करू. मंगळूरला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हैसूरला बाराही महिने मिळून जेवढा पडतो, त्याहून जास्त तिथे एकट्या जुलैत पडतो. कारवार आणि रत्नागिरी यांचंही वार्षिक दप्तर तीन हजारांच्या घरातलं. पावसावर कविता करणारांनी हे आकडे पाहू नयेत, पण घर घेणारांनी पाहावेत. या महिन्यात समुद्र असतो, परंतु तो पाहण्यासारखा नसतो. राखाडी आकाश आणि राखाडी पाणी यांच्यामधली रेघ पुसली गेलेली असते आणि किनाऱ्यावर ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी असते. मालपेहून सेंट मेरी बेटावर जाणाऱ्या होड्या बंद, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या बंद. ज्या सुरमईच्या नावावर निम्मा ठराव मंजूर झाला, ती तर सरकारी हुकमाने बंद: कर्नाटकाच्या आणि महाराष्ट्राच्याही किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीला मनाई असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. एकसष्ट दिवस मासेसुद्धा शांतता मागतात आणि त्यांना ती मिळते. नव्याने राहायला आलेल्या पेन्शनराला मात्र छपरावरचा ताशा चोवीस तास ऐकावा लागतो. कोकण रेल्वेची गोष्ट तर पुराव्यात नोंदवून घ्यावी अशी आहे. या रेल्वेला दोन वेळापत्रकं आहेत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचं पावसाळी वेळापत्रक निराळं, गाड्यांचा वेग कमी, आणि रुळांवर दरड आली आहे का ते पाहायला पहारेकरी. जिथे आगगाडीदेखील पाऊस पाहून बेतानं चालते, तिथे गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या माणसाने किती उत्साह धरावा, याचा विचार ज्याने त्याने करायचा आहे.

‘दरड-बिरड काय रोज थोडीच पडते?’ हा प्रश्न रास्त आहे. रोज पडत नाही. पण २०१८च्या ऑगस्टमध्ये कोडगूत डोंगर खचले आणि म्हैसूरकडून मडिकेरीमार्गे मंगळूरला उतरणारा रस्ता बंद झाला. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य या सत्तावन्न बोगद्यांच्या घाटातली रेल्वेही त्या पावसाळ्यात बंद पडली. १६ जुलै २०२४ला अंकोल्याजवळ शिरूरला राष्ट्रीय महामार्गावर डोंगर आला आणि माणसं गेली. तीनच आठवड्यांनी कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल रात्री नदीत कोसळला. दक्षिणेकडची वाट धरावी तर कोझिकोडचा रस्ता बंडीपूरच्या जंगलातून जातो आणि तो रात्री नऊ ते सकाळी सहा वाघ-हत्तींसाठी राखून ठेवलेला आहे. ते योग्यच आहे. वाघ पेन्शनरांच्या आधीपासून तिथे राहतात. मुद्दा एवढाच की म्हैसूर आणि किनारा यांच्यामध्ये सह्याद्री आहे, आणि नकाशावर अडीचशे किलोमीटर दिसणारं अंतर पावसाळ्यात किती होईल हे नकाशा सांगत नाही. म्हैसूरच्या बँकेत हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो हे एक बरं आहे. तो जुलैत मागितला असता तर बरीच हयात मंडळी कागदोपत्री मयत झाली असती.

पाऊस निदान चार महिन्यांचा. खारा वारा बारमाही असतो, आणि त्याची साक्ष भारतीय मानक ब्युरोने दिलेली आहे. आयएस ४५६ ही काँक्रीटची संहिता कुणी करमणुकीसाठी वाचत नाही. पण समुद्रकाठी घर घेऊ पाहणाऱ्याने तिच्यातला हवामानाचा तक्ता वाचावा. सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र आणि आत्यंतिक असे परिसराचे पाच वर्ग तिथे केले आहेत. ऊन-पावसापासून आडोशाला असलेलं काँक्रीट ‘सौम्य’ वर्गात बसतं आणि सळईवर २० मिलिमीटर जाडीचं आवरण त्याला पुरतं. मात्र या सवलतीतून किनारपट्टी स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. किनाऱ्यावर खाऱ्या हवेपासून झाकून ठेवलेला भागही ‘मध्यम’ वर्गात जातो, त्याला ३० मिलिमीटर लागतात. उघड्यावरचा भाग ‘तीव्र’, ४५ मिलिमीटर. आणि लाटांचे तुषार उडत असतील तर ‘अतितीव्र’, ५०. दलाल जाहिरातीत ज्याला ‘लाटांच्या तुषारात न्हालेलं घर’ म्हणेल, त्याला मानक ब्युरो अतितीव्र म्हणतो. माझा विश्वास ब्युरोवर जास्त आहे, कारण त्याला कमिशन मिळत नाही. आवरण वाढवण्याचं कारण साधं आहे: हवेतल्या मिठातला क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतो, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि छताचा गिलावा सुटून खाली येतो. सळईच्या आधी नंबर लागतो तो फाटकाच्या बिजागरीचा, खिडकीच्या गजांचा, फ्रिजच्या पाठीचा, शेगडीच्या बर्नरचा, स्कूटरच्या सायलेन्सरचा आणि चष्म्याच्या दांडीतल्या त्या एवढ्याशा स्क्रूचा. म्हैसूरच्या राजवाड्यातले ग्लासगोहून आणलेले ओतीव लोखंडाचे खांब १९१२पासून मोरपंखी रंग लावून डौलात उभे आहेत. हाच राजवाडा मालपेला बांधला असता तर दसऱ्याचं सगळं अनुदान रंगाऱ्यांच्या मजुरीत गेलं असतं.

लोखंडाला गंज, तशी बाकी सगळ्याला बुरशी. पुस्तकं, चामड्याच्या चपला, सागवानी पेटीतली पैठणी, मुलांच्या पदव्या आणि मुदतठेवींच्या पावत्या यांवर ती कसलाही भेदभाव न करता येते. कॅनरा आणि कॉर्पोरेशन (१९०६), कर्नाटक (१९२४), सिंडिकेट (१९२५) आणि विजया (१९३१) या पाचही बँका मंगळूर-उडुपीच्या एवढ्याशा पट्ट्यात जन्मल्या, याची कारणं अर्थशास्त्रज्ञ काटकसर आणि शिक्षण अशी देतात. घरात ठेवलेल्या नोटांना पावसाळ्यात बुरशी येत असणार, हे कारण त्यांनी पुरेसं तपासलेलं नाही. त्यांतल्या विजया बँकेने पुढे मुख्यालयच बंगळूरला हलवलं, तेव्हा माझा संशय बळावतो. मे महिना हा याच बाजूचा दुसरा साक्षीदार, आणि तो जरा लबाड आहे. उन्हाळ्यातलं कमाल तापमान पाहिलं तर मंगळूर आणि म्हैसूर यांत फारसा फरक दिसत नाही. किनाऱ्याचा आकडा कधीकधी कमीच भरतो, आणि ठरावाची बाजू मांडणारे तो आकडा फडकावतात. पण अंगाला गारवा वाटतो तो घाम वाळल्यामुळे, आणि हवेतच पाणी ठासून भरलेलं असल्यावर घाम वाळणार कुठे? रात्री म्हैसूरचा पारा एकवीस-बावीसवर उतरतो आणि पंखा मंद करावा लागतो. मंगळूरचा पंचवीस-सव्वीसवर अडून बसतो आणि पंखा तीच ओली हवा रात्रभर फिरवत राहतो.

याहून मोठा पुरावा मात्र खुद्द किनाऱ्यावरच्या माणसांचा आहे. ज्यांच्या दारात समुद्र होता, त्यांनी त्याचं काय केलं? कोकणातली जुनी वाडी पाहा: पुळणीला लागून केवडा आणि सुरू, मग नारळी-पोफळीचं आगर, आणि त्याच्या आत, वाऱ्याला चुकवून घर. समुद्राकडे तोंड करून पडवी बांधण्याची कल्पना शहरातल्या आर्किटेक्टची. आजोबांना समुद्र दिसण्यापेक्षा छप्पर टिकण्याची काळजी होती. अगदी काठावर राहिले ते कोळी, गाबीत, मोगवीर. त्यांचा तो कारखाना आहे आणि कारखान्याशेजारी राहणं कामगाराला सोयीचं असतं. बाकीच्यांनी संधी मिळताच किनारा सोडला. उडुपीच्या माणसाने इडली-डोसा डोक्यावर घेऊन माटुंग्यापासून बंगळूरपर्यंत हॉटेलं काढली. कोकणातला माणूस मुंबईला गेला आणि मनिऑर्डरी पाठवू लागला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची सतरा लाखांच्या आसपास होती ती सोळा लाखांवर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच काळात म्हैसूर फुगत गेलं. रत्नागिरीत २०११मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या, कारण पुरुष गावात नव्हतेच. नोकऱ्या नव्हत्या म्हणून ते गेले, निसर्गाला कंटाळून नव्हे, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण पेन्शन हाती आल्यावर तरी ते सगळे परत गेलेले दिसायला हवेत. गणपतीला जातात, शिमग्याला जातात, मे महिन्यात आंबे उतरवायला जातात, आणि तिकीट येतानाचंही काढून ठेवतात.

किनाऱ्याची स्तुती कुणी केली हे तपासलं तर ती बहुतेक पाहुण्यांनी केलेली निघते. कारवारकर अभिमानाने रवींद्रनाथ ठाकुरांचं नाव घेतात आणि समुद्रकिनाऱ्यालाही त्यांचंच नाव दिलेलं आहे. रवींद्रनाथ १८८३ साली तिथे आले ते थोरले बंधू सत्येंद्रनाथ जिल्हा न्यायाधीश होते म्हणून. बंगला सरकारी, पाहुणचार वहिनींचा, वय बावीस. अशा परिस्थितीत कारवारला नाटक सुचलं नाही तरच नवल; त्यांना ते सुचलं. पण पुढे शाळा काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती बोलपूरच्या कोरड्या लाल मातीत काढली, काळी नदीच्या मुखाशी नव्हे. इकडे म्हैसूरच्या आर. के. नारायण यांना सबंध गाव मनाने रचायची मुभा होती. मालगुडीला त्यांनी नदी दिली, डोंगर दिला, स्टेशन दिलं. कागदावर समुद्र फुकट मिळत असूनही तो घेतला नाही. शिवराम कारंतांचं काय, असा आडवा प्रश्न कानडी शेजारी विचारील. कारंत जन्मले किनाऱ्यावर, गेलेही तिथलेच होऊन, आणि मधल्या काळात ज्ञानपीठ मिळण्याइतकं लिहिलंही. मान्य. पण ते तिथले होते. समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाला समुद्र मुद्दाम पाहावा लागत नाही, म्हणून त्याची कामं होतात. आपल्या गृहस्थांना तो रोज पाहायचा आहे.

आक्षेपांतला सगळ्यांत जड आक्षेप दवाखान्याचा, आणि तो माझ्या बाजूचा नाही. उतारवयात मोठं रुग्णालय जवळ हवं म्हणून किनाऱ्यावर जाऊ नये, असं म्हैसूरवाले सांगतात, तेव्हा ते मणिपालला १९५३पासून आणि मंगळूरला १९५५पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे हे विसरतात. त्या पट्ट्यात डॉक्टर इतके की रस्त्यात चक्कर आली तर पडायला मोकळी जागा नाही, दोघे-तिघे झेलायला उभे. म्हणून मंगळूर-मणिपालपुरता हा मुद्दा मी सोडून देतो. कारवारला मात्र सोडत नाही: मोठ्या रुग्णालयासाठी उत्तर कन्नड जिल्ह्यातले लोक वर्षानुवर्षं गळा काढत आहेत आणि अवघड रुग्ण मणिपालला, हुबळीला नाही तर गोव्याला न्यावा लागतो. आणि गंमत म्हणजे मराठी मंडळींचा ओढा नेमका कारवारकडेच, कारण तिथे भाषेची सोय. १९५६पर्यंत ते मुंबई राज्यात होतं, जुन्या पिढीचं शिक्षण मराठीत झालेलं, कोकणी तर घरातलीच, आणि सीमावादाच्या यादीतही त्याचं नाव आहे. म्हणजे निवड अशी आहे: जिथे आपलं दुखणं सांगता येतं तिथे ते बरं करणारा दूर, आणि जिथे बरं करणारा शेजारी तिथे तुळू, कोकणी, ब्यारी आणि कानडी या चारही भाषांत दुखण्याची चौकशी होणार. म्हैसूरला इतक्या कष्टाने कमावलेली ती रिक्षापुरती कानडी तिथे ऐकून रिक्षावाला हसेल ते वेगळंच.

मासळीचा मुद्दा चटकन संपतो. ठराव मांडणाऱ्या बऱ्याच घरांत मुळात मासळी चालत नाही. जिथे चालते तिथे तिला बर्फात घालून घाट चढून म्हैसूरला येण्याची सवय आहे. नातवंडांचा मुद्दा मात्र हळवा असतो. ‘समुद्र असला तर मुलं-नातवंडं तरी येतील’, हे वाक्य बोलताना आवाज जरा खाली जातो आणि त्यावर विनोद करण्याचं धाडस होत नाही. तरी हिशोब सांगणं भाग आहे. नातवंडं येतात ती शाळेच्या सुट्टीत, म्हणजे मे आणि डिसेंबर. मेमध्ये ती एसीच्या खोलीतून बाहेर येत नाहीत, आणि डिसेंबरात आली तर किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याचं जे काम तेच आजी-आजोबांचं: टॉवेल वाळत घालणं, वाळू झाडणं, बांगडे तळणं. फरक इतकाच की हॉटेलवाला जानेवारीत पैसे मोजत बसतो. यावर हुशार मंडळी तडजोड सुचवतात: दोन घरं ठेवू, पावसाळ्यात म्हैसूर, हिवाळ्यात समुद्र. ऋतूप्रमाणे राजधानी हलवण्याचा, दोन गावांतला हा संसार जम्मू-काश्मीरच्या सरकारनेही दीड शतकाच्या सवयीनंतर २०२१मध्ये काही काळासाठी बंद केला होता, आणि त्यांच्याकडे सामान उचलायला सरकारी ट्रक होते. शिवाय किनाऱ्यावरचं बंद घर जून ते सप्टेंबर एकटं राहत नाही. वाळवी आणि बुरशी त्याला सोबत करतात आणि ऑक्टोबरात कुलूप उघडायला गेलं की आधी कुलूपच उघडत नाही.

जाता जाता कायद्याचं. १९९१च्या फेब्रुवारीपासून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात आहे, आणि २०१९च्या नियमांप्रमाणे ग्रामीण भागात दाट वस्ती असेल तर पन्नास आणि विरळ असेल तर दोनशे मीटरच्या आत नव्या बांधकामाला सहसा परवानगी नाही. म्हणजे स्वप्नातलं, ओसरीला लाट लागणारं घर एक तर कायद्याबाहेरचं असतं किंवा उल्लाळसारख्या ठिकाणी समुद्र स्वतः चालत आल्यामुळे तसं झालेलं असतं. तिथे दर पावसाळ्यात समुद्र नारळ आणि भिंती ओढून नेतो आणि सरकार दगड टाकत राहतं. ‘सी-व्ह्यू’ म्हणून जे विकलं जातं, त्यात गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चढून पाहण्याची अट बहुधा गृहीत धरलेली असते. सत्तरीच्या माणसाने टाकीवर चढू नये. यावर आणखी लिहिण्यासारखं नाही.

तरीही ज्यांना जायचंच आहे, त्यांनी घर विकत घेण्याआधी भाड्याने राहून पाहावं, हा सल्ला सगळेच देतात. त्यातली मेख कुणी सांगत नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. म्हणजे वर्षातला एक महिना त्यातून गळतो, आणि ऑगस्टपासून करार केला तर गळणारा महिना नेमका जुलै निघतो. पाऊस ओसरू लागलेला, बोटी पुन्हा दर्यावर निघालेल्या, पुढे गणपती, दिवाळी, नाताळ, आंबे. जूनअखेर करार संपतो आणि माणूस भारावून इसार देऊन मोकळा होतो. तेव्हा विनंती अशी की करार १ जूनपासूनचा करा. पुस्तकं, पैठण्या आणि एक वजनदार लोखंडी कपाट बरोबर न्या. नुसत्या सुटकेसवर राहिलेल्या माणसाची साक्ष धरता येत नाही. ऑक्टोबर उजाडल्यावर कपाटाचं दार नीट उघडत असेल, आणि ते उघडून सामान भरण्याची इच्छा होत नसेल, तर घर खुशाल घ्या. फक्त म्हैसूरचं विकण्याची सही त्याआधी करू नका.